'चालेल' घराण्याचा तारा

हॉटेलच्या सभागृहात पडदे टांगून झाले आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते गुडघ्यापर्यंतच येतात. ओळीने उंच उंच खिडक्या, आणि प्रत्येकीला आखूड चड्डी घातल्यासारखा पडदा. पडद्यांच्या दुकानाचे मालक मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले आणि मग मापं घेणाऱ्या बाईंकडे वळले. या बाईंना घरी थोरली म्हणत, कारण धाकट्या भावापेक्षा त्या मोठ्या होत्या. दुकानातही तेच नाव चिकटलं होतं.

"मापं तुम्हीच घेतलीत ना?"

"हो. मी जमिनीपर्यंतची घेतली होती. पण इथले मॅनेजर म्हणाले, जरा वर घ्या, झाडायला बरं पडतं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

थोरलीने खाली पाहिलं. "चालेल म्हणाले."

"हे असं दिसणार, हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं की. तेव्हाच डोळ्यांपुढे आलं होतं."

मालकांनी कपाळाला हात लावला. "थोरलीबाई, पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाला 'चालेल' म्हणालात, तर तुम्हीही चालायला लागा."

दुकानात परतल्यावर गल्ल्यावरच्या बाईंनी थोरलीला पाणी दिलं आणि सल्लाही दिला. गावात एक तारेवाल्या बाई होत्या. जुन्या इराणी, जरथुष्ट्री ताऱ्यांच्या विद्येवरून त्या माणसाच्या सवयी सांगत, आणि सवय आईकडून कुठून कुठवर आली तेही सांगत. "जाऊन तर या," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या. थोरलीचा ताऱ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. ती म्हणाली, "चालेल."

तारेवाल्या बाईंची खोली सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होती. कोपऱ्यात एक दिवा तेवत होता आणि भिंतीवर आकाशाचा मोठा नकाशा होता, चार दिशांना चार मोठे तारे काढलेला. बाई पूर्वी दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायला बसत. ती सवय अजून गेली नव्हती.

"बसा. मोकळ्या बसा. दुखलं तर हात वर करा."

थोरलीने पडद्यांची हकिकत सांगितली. शेजाऱ्यांचा कुत्रा सुट्टीभर आपल्याकडे असतो, तेही सांगितलं. आपल्याला कुत्र्यांची भीती वाटते, हेही सांगितलं.

"हं," बाई म्हणाल्या. "आधीच सांगते, मी काही त्या धर्मातली नाही. त्यांच्या जुन्या विद्येतून मला उमगलं ते माझ्या पद्धतीने जुळवते. माणसाला वडिलांकडून नाक मिळतं, मिळालीच तर जमीन मिळते. बोलायची रीत आईकडून येते. तुमच्या घराण्यात अशा कमी पडलेली दिसते."

"अशा म्हणजे कशा?"

"अशा म्हणजे अशा."

"हो, पण कशा?"

"अहो, अशा म्हणजे सत्य! त्यांच्या भाषेतला शब्द आहे तो." हा प्रश्न बाईंना रोज कुणीतरी विचारत असावं. "आईची जन्मवेळ सांगा. आजीचीही."

थोरलीने तिथूनच आईला फोन लावला. आई शहरातल्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. आत्ताही मागून पाण्याचा आणि किंचाळण्याचा आवाज येत होता.

"माझा जन्म?" आई ओरडून म्हणाली. "तुझी आजी म्हणायची बुधवारी. मावशी म्हणते गुरुवारी. तुला कुठला हवाय?"

"खरा हवाय गं!"

"तुझ्या सोयीचा घे. मला कुठलाही चालेल. अहो, पाय हलवा, पाय! तुला नाही गं, इथे एक बुडतायत."

आजीची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नव्हती, पण तिची गोष्ट थोरलीला पाठच होती, तीच तिने सांगितली. आजीचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी चुकून शेजारच्या मुलीचं नाव लिहिलं. लक्षात आल्यावर त्यांनी विचारलं, "आता हेच राहू दे?" आजी म्हणाली, "चालेल." आणि जन्मभर ती दुसरीच्याच नावाने हाकेला ओ देत राहिली.

तारेवाल्या बाईंनी बुधवार धरून पाहिला, गुरुवार धरून पाहिला, आणि चष्मा काढला. "तिघीही पश्चिमेच्या ताऱ्याखाली येता. हे चार तारे म्हणजे आकाशाचे राखणदार. राखणदाराने काय करायचं असतं? दारात उभं राहायचं असतं. तुम्ही तिघींनी दार सताड उघडलंत आणि वर म्हणालात, 'या, चपला आतच आणा.'"

थोरलीला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. तिने हात वर केला.

"दुखणारच. बरोबर जागी लागलंय," बाई म्हणाल्या. "उपाय सोपा आहे. या विद्येत महिन्याच्या प्रत्येक दिवसाला त्याचा पालक असतो. एक दिवस सत्याचा. त्या दिवशी उजाडताच तुमच्या घराण्यातल्या बायकांनी एकत्र जमायचं आणि सूर्य मावळेपर्यंत एकही खोटा शब्द बोलायचा नाही. भिडेखातरचा तर मुळीच नाही. 'चालेल' हा शब्द बंद."

हिशेब केल्यावर तो दिवस नेमका येत्या रविवारी निघाला. त्याच रविवारी धाकटा ट्रक घेऊन आईला न्यायला येणार होता. तो लांबच्या शहरात राहायचा. घरात जुळी मुलं, नवराबायको दोघं नोकरीला. आईने आता कायमचं तिकडेच यावं असं ठरलं होतं. थोरलीने आईला किती वेळा विचारलं, "तुला जायचंय ना गं?" आई दरवेळी पोहण्याची टोपी पिळत म्हणायची, "चालेल की."

उपायाला मात्र आई आणि मावशी दोघीही लगेच तयार झाल्या. नाही म्हणणं त्यांना कुठे येत होतं?

रविवारी उजाडताच तिघी आईच्या घरी जमल्या. सामानाची खोकी बांधून दाराशी रचलेली होती. आईने चहा केला. मावशीने घोट घेतला आणि सुरुवात केली.

"हा चहा नाही, कप विसळलेलं पाणी आहे. लग्न झाल्यापासून तू असाच करतेस."

आई कप खाली ठेवून म्हणाली, "तू मला दिलेली शाल मी इस्त्रीखाली अंथरते."

"ती? रेशमी?"

"टोचते."

मावशी उठली. "लहानपणी तुझी बाहुली मीच पाण्यात टाकली होती. आणि मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं!" एवढं बोलून ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून रडू लागली. आई बाहेरून दार बडवू लागली, "कुठल्या पाण्यात? कुठल्या पाण्यात ते सांग!"

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. दुकानाचे मालक होते. "हॉटेलचे मॅनेजर समोर बसलेत. ते म्हणतात, नवीन कापड कशाला, आहेत त्याच पडद्यांना खाली झालर जोडू. चालेल ना?"

थोरलीने सवयीने तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता. सूर्य मात्र खिडकीत चांगला वर आला होता.

"नाही," ती म्हणाली. तिच्याच कानांना तो आवाज परका वाटला. "झालर लावली तर सभागृह झबलं घातल्यासारखं दिसेल. कापड नवीनच घ्यावं लागेल. आणि झाडायचीच अडचण असेल तर पडदे बाजूला बांधायला पट्टे देते, खाली आखूड करायची गरज नाही."

फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता, हे तिला मॅनेजरांचा आवाज आल्यावर कळलं. "हे त्या दिवशीच का नाही बोललात बाई? पट्टेच द्या. आखूड आहेत ते आमच्या खोल्यांच्या छोट्या खिडक्यांना लावू."

फोन ठेवला तेव्हा थोरली दोन इंच उंच झाली होती. ही बातमी आईला सांगायला ती वळली आणि खाली ट्रकचा भोंगा वाजला.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. एक बहीण न्हाणीघरात, एक दाराबाहेर, दोघी खऱ्याने पेटलेल्या, आणि जिन्यावर धाकट्याची पावलं. तिने घाईने तारेवाल्या बाईंना फोन केला. "बाई, हे मध्येच थांबवता येतं का?"

"भूल अर्धी उतरल्यावर दाढ अर्धी ठेवतात का?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकटा आत आला, मागून भावजय, त्यांच्या मागून ट्रकवाला. जुळ्यांना भावजयीच्या आईकडे ठेवलं होतं. ट्रकवाल्याने खोक्यांवर हात ठेवला. "आजी, न्यायचं सामान हेच ना?"

"सामान हेच," आई म्हणाली. "पण ते जाणार नाही. मीही जाणार नाही."

धाकटा हसला. मग कुणीच हसत नाही असं बघून थांबला. "आई, अगं ठरलंय आपलं. तू हो म्हणाली होतीस!"

"मी 'चालेल' म्हणाले होते."

"मग तेच ना!"

"तेच नाही. आज सूर्य मावळेपर्यंत खरंच बोलायचंय, म्हणून सांगते. 'चालेल' म्हणजे हो नव्हे. 'चालेल' म्हणजे, बाबा रे, फोन ठेव, माझं दूध उतू जातंय." आई थांबायला तयार नव्हती. "माझ्या बायका आत्ता कुठे खोल पाण्यात उतरायला लागल्यात. एक तर माझ्याहून म्हातारी आहे, गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तरंगली. त्यांना काठावर सोडून मी तुझ्याकडे दुधाच्या बाटल्या उकळत बसू? मला नातवंडं आवडतात. पण सुट्टीत आवडतात."

धाकट्याचा चेहरा पडला. थोरलीला वाटलं, संपलं, आता हा जन्मभर बोलणार नाही. तेवढ्यात भावजय एक पाऊल पुढे आली.

"आई, आज खरंच बोलायचं आहे का?"

"आज खरंच," न्हाणीघरातून मावशी ओरडली.

"मग सांगते. मलाही तुम्ही यायला नको होतात." आणि मग घाबरून भराभर, "म्हणजे तुम्ही चांगल्याच आहात! पण मुलं पाळणाघरात रुळलीत. मस्त राहतात. ह्यांना तुम्ही हव्यात म्हणून मी चालेल म्हणाले."

"मला?" धाकटा म्हणाला. "मला वाटलं तुला मदत हवीय!"

"मग आईंना बोलावलं कुणी?"

"तिनेच फोनवर म्हटलं ना, घर फार मोठं पडतं म्हणून!"

"झाडायला मोठं पडतं, म्हटलं मी," आई म्हणाली. "त्याचा अर्थ, कधीतरी येऊन झाडून दे."

धाकटा एका खोक्यावर मटकन बसला. खोक्यातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "खरं सांगू? मला पाच आठवडे झोप नाही. तू आलीस की मला रोज अंघोळीनंतर डोकं नीट पुसलं का विचारशील, याच काळजीने."

"विचारलंच असतं," आई म्हणाली.

न्हाणीघराची कडी वाजली आणि मावशी बाहेर आली, डोळे सुजलेले पण चेहरा उजळलेला. "म्हणजे हे 'चालेल' आपल्या पुरुषांनाही लागतं!"

"मीही तिच्याच पोटचा ना," धाकटा म्हणाला. आधी त्यालाच हसू फुटलं, मग भावजयीला, आणि मग आईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. पुसलेलं आहे की नाही तेही चाचपून पाहिलं.

ट्रकवाला अजून दारात उभा होता. "म्हणजे मी एवढ्या लांब रिकामा जाऊ?"

आईने घरभर नजर फिरवली. तिच्या डोळ्यांत अशी चमक आली, की थोरली मागे सरकली. "रिकामा कशाला? पलंगामागे ती व्यायामाची सायकल आहे बघा. ती ह्याची. दोन महिने ठेव म्हणाला होता, तेव्हा ह्याला मिसरूड फुटत होतं."

"आई, आमच्याकडे जागा नाही," धाकटा म्हणाला.

"माझ्याकडेही नव्हती. गच्चीच्या जिन्यातला सोफा सूनबाईंच्या आईचा, तोही त्याच रस्त्याला आहे. आणि ते लोखंडी कपाट मावशीचं, वाटेत उतरवा."

"कपाट राहू दे की गं," मावशी म्हणाली.

"नाही." आईने तो शब्द इतक्या चवीने उच्चारला, की लगेच पुन्हा एकदा उच्चारला. "नाही!"

दुपारपर्यंत ट्रक भरला. सायकल सगळ्यात वर बांधली होती आणि वाऱ्याने तिची पायडलं आपोआप फिरत होती. धाकटा आणि भावजय जाताना आईच्या पाया पडले, मावशी आपलं कपाट उतरवून घ्यायला ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये चढली, आणि जाता जाता तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, की बाहुली विहिरीत टाकली होती.

घर एकदम ऐसपैस झालं. थोरलीने कंबरेवर हात ठेवून ते पाहिलं. आई वाचली होती, नोकरी वाचली होती, घराण्याचं ग्रहण सुटलं होतं. तिला वाटलं, आपण आज पिढ्यानपिढ्यांचं काम एका दिवसात उरकलं.

"आई, कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय." आईने पोहण्याची पिशवी खांद्याला लावली. दुपारचा वर्ग होता. दारापर्यंत जाऊन ती थांबली. "आता तुझंही सांगून टाकते, अजून सूर्य मावळायचाय. कामावर जाताना रोज माझ्याकडून डबा नेतेस ना, तो उद्यापासून बंद. सकाळी मला स्वतःला पोहायचं असतं, आणि मी तिथे तुझ्या पोळ्या लाटत बसते."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या कित्येक वर्षांत तिने स्वतः एकही डबा भरला नव्हता.

"चा..." ती म्हणाली.

"खरं बोल."

"नाही चालत! अजिबात नाही चालत! मला तर साधा भातही धड जमत नाही!"

आईने तिच्या गालाला हात लावला. "शाब्बास. आता जमलं बघ तुला." आणि चपला घालून, जिना उतरता उतरता म्हणाली, "डबा मात्र बंदच."