बिनऑपरेशनचे बोट

प्रमोदिनीबाईंनी चहा गाळला, कॅनडातल्या व्हिटबीत रात्रभर पडलेल्या बर्फाचा खिडकीतून अंदाज घेतला आणि बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरकडे निघताना डाव्या पायाचे बोट कपाटाच्या कोपऱ्यावर दाणकन आपटले.

एका दवाखान्याचे बिलिंग त्या घरून करीत. कोणत्या उपचाराला कोणता कोड, हे त्यांना तोंडपाठ होते. न झालेल्या उपचाराचा कोड त्यांनी जन्मात लावला नव्हता. दुपारी त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोडलेले बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधले आणि संध्याकाळी त्याचा विम्याचा क्लेम बाईंच्याच पुढ्यात आला. हाड ओढून बसवले असते, म्हणजे 'रिडक्शन' केले असते, तर कोड वेगळा; ओढले नव्हते. त्यांनी इमानाने साधा कोड टाकला.

तेवढ्यात व्हँकुव्हरहून मुलाचा, उन्मेषचा, फोन आला. फारा दिवसांनी आलेला फोन लवकर संपू नये, म्हणून त्यांनी तपशीलवार सांगितले, "फ्रॅक्चर आहे रे. क्लोज्ड. विदाउट रिडक्शन."

"ओ माय गॉड, आई! हलू नकोस!"

उन्मेषने मराठी मंडळातल्या राजनला ईमेल केली, राजनने सगळ्या मंडळाला. दुसऱ्या दिवशी मंडळातली शुभदा डबा घेऊन दारात हजर. तिची ओळख आजवर गणपतीच्या आरतीपुरतीच होती.

"काकू, तुम्ही उभ्या कशा? कंबरेत रॉड घातलाय ना?"

"कंबरेत? अगं, पायाचं बोट आहे. तेही बिनऑपरेशनचं."

"अगंबाई! राजनभाऊ गाडीतून व्हीलचेअर उतरवतायत!"

व्हीलचेअर आल्या पावली परत गेली. शुभदा मात्र रोज येत राहिली. आमटीत गूळ किती असावा, यावर दोघी तासतासभर वाद घालीत.

मग एके दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. बोट बरे झाल्याचे एवढे वाईट कुणाला वाटले नसेल. घरी येताना बाईंच्या मनात खोटे बोलायचे आले, पण जन्माची सवय आड आली. त्यांनी फोन लावला.

"शुभदा, पट्टी निघाली हो. आता स्नोमध्ये डब्यासाठी हेलपाटे घालू नकोस."



"हो का? छानच झालं, काकू." मग हळूच, "हे नोकरीसाठी कॅलगरीला गेल्यापासून एकटीपुरता कुकर लावायचं जिवावर येतं. तुमच्या निमित्तानं स्वयंपाक होत होता, इतकंच."

प्रमोदिनीबाईंनी मोकळ्या झालेल्या बोटाकडे पाहिले. मग कण्हल्या.

"तशी जिना उतरताना अजून ठणक लागते गं."

"ठणक? मग मी येतेच. भाजी गॅसवरच आहे."

बाईंनी फोन ठेवला, चिकटपट्टी शोधली आणि खुर्चीत बसून ते धडधाकट बोट शेजारच्या बोटाला नीट, घट्ट बांधून टाकले.