जिवंत बनियन

"उद्या शाळेच्या बाई येतील, बनियन हुंगतील आणि शंभरांची ऑर्डर देऊन जातील. लिहून ठेवा," शिवणकाम करणाऱ्या सुनेने घरात जाहीर केलं.

बनियन साधंसुधं नव्हतं. त्याच्या धाग्याधाग्यांत घाम खाणारे जंतू नांदत होते. रोज धुवायला नको, तेवढंच पाणी वाचेल, हे तिने गल्लीभर सांगून पाहिलं. गल्ली म्हणाली, "चावले तर?" एक गिऱ्हाईक तर टेपसुद्धा अंगाला लावू न देता पळालं. आता सारी आशा शाळेवर. खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर ते दिसलं की गल्लीची भीती आपोआप जाणार होती.

सून त्या कापडाला लेकरासारखी जपे. मशीन चालवता चालवता गुणगुणे,

"खा रे जंतूबाळा, घाम पोटभर,
शिवण तेवढी सोड, एवढी मेहेर कर."

सासूबाईंच्या कानावर ते पडलं, आणि तिथेच घात झाला. सासूबाईंची तीस वर्षं इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या खात्यात गेलेली. जंतू म्हटलं की त्यांचे हात शिवशिवत.

सकाळी सून पाहते तो हँगर रिकामा. शेगडीवर मोठं पातेलं खदखदतंय, आत बनियन, घरभर फिनेलचा वास.

"आई, हे काय केलंत?"

"पाहुणे यायचे आणि कपड्यात जंतू? एक जिवंत सोडला नाही बघ."

पातेल्यातून निघालं ते बाहुलीच्या मापाचं फडकं. तेवढ्यात दारात बाई.

सुनेला घाम फुटला, आणि तो खायला आता कुणी उरलं नव्हतं. तिने बाईंना बाकावर सासऱ्यांशेजारी बसवलं. सासरे नुकतेच तासभर चालून निथळत आलेले. एरवी ते असे आले की मांजर खिडकीतून उडी टाके. आज ते त्यांच्या मांडीवर घोरत होतं.

"नमुना कुठाय?" बाईंनी विचारलं.

"उकडला," सून खालमानेने म्हणाली.

"असं कसं? हा काय," म्हणत सासऱ्यांनी शर्टाची बटणं सोडली. "उरलेल्या तुकड्यांचं सूनबाईने मला शिवलंय. आज दहावा दिवस. पाण्याचा थेंब लागलेला नाही."

बाईंनी वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. "शंभर नकोत. आधी वीस द्या. पालकांना पटलं की उरलेली."

सुनेचा चेहरा उजळला. सासूबाईंनीही पुढे होऊन बोटाने कापड चाचपलं. "गुणाचे आहेत गं हे जंतू. चुकलंच माझं."

सासऱ्यांना भलताच हुरूप आला. "आणि बाई, त्या बिचाऱ्यांना एकटं वाटू नये म्हणून दहा दिवस मीही अंघोळ केलेली नाही."

बाई हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. सासूबाईंनी पातेलं धुतलं, काठोकाठ भरलं आणि पुन्हा शेगडीवर चढवलं.