आण्णांच्या गुलाबाची तब्येत

भूपालआण्णा शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं त्यांच्याकडे मऊभात धाडला. आता तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार? भिंतीपलीकडून दिवसभर आरोळ्या यायच्या: ‘पाणी गेलं काय पोटात? मान का टाकलीस गं? घाबरं करू नगंस की!’ घरात कुणी बाईमाणूस अंथरुणाला खिळलंय, अशी सगळ्या गल्लीची खात्रीच झाली.

भात घेऊन मी गेलो. पेशंट परसात होता. गुलाबाच्या चार बोडक्या काटक्या, वर गोणपाटाची सावली. हातकणंगल्याचं घर विकून आण्णा कोल्हापुरात लेकाकडे आले, ते मुळाशी मातीचा गड्डा राखून हे झाड मांडीवर घेऊन.

‘आमच्या मंडळींनी लावल्याला हाय, पावणं! त्या गेल्या. आता हे जगलं पायजे!’ आण्णा गरजले. मऊभात त्यांनीच खाल्ला. मीठ कमी आहे, हेही गरजूनच सांगितलं.

माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. अर्धवट गुंगीत वाटायचं, ते झाड खरंच त्यांना उत्तर देतंय. एकदा वैतागून म्हणालो, ‘आण्णा, झाडाशी तरी हळू बोला की!’

‘हळू बोलून काय ऐकू जातंय तिला?’

मी कपाळाला हात लावला.

आण्णा रोज नखानं साल खरवडायचे आणि गल्लीला ओरडून कळवायचे, ‘आत हिरवं हाय!’ दूधवालासुद्धा गाडी थांबवून तब्येत विचारू लागला. मग कोंब फुटले, कळी आली. पण नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, पहिली कळी खुडा, मुळं अजून अशक्त आहेत. आण्णा कात्री घेऊन नुसते येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी ‘माफ कर गं!’ अशी आरोळी आली आणि घर चिडीचूप झालं. त्या दुपारी मलाच झोप येईना.

परवा सकाळी पुन्हा तसंच चिडीचूप. मी धावतच परसात गेलो. स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावलो. धुक्यात एक गुलाबी फूल उमललं होतं. वास माझ्यापर्यंत येत होता. आण्णा उकिडवे बसून, फुलाजवळ तोंड नेऊन काहीतरी कुजबुजत होते.

‘आण्णा, आवाज बसला काय?’

‘न्हाय वो,’ ते हळूच म्हणाले. ‘मंडळींना कमी ऐकू यायचं. सारा जलम वरडून बोललो. गोड काय बोलावं म्हटलं, तर गल्ली ऐकायची. लाज वाटायची. ते ऱ्हाऊनच गेलं बगा.’

मी भिंत धरून तसाच स्टुलावर उभा होतो.

‘आता तेवढं बोलून घेतो,’ आण्णा म्हणाले. ‘तुमी जरा खाली उतरा की.’