तळं उतरतं आहे

पहिल्या उद्यानात गाडी उभी राहिली आणि आईंना हातोडी काही सापडेना. गाडी म्हणजे कॅम्पर. चाकांवरचं दीड खोलीचं घर. मागे खाटा, मध्ये शेगडी आणि फ्रिज, पुढे मुलगा स्टिअरिंगला. त्या दीड खोलीत आई, त्यांचे यजमान म्हणजे रिटायर झालेले गवंडी मिस्त्री, मुलगा आणि सून अशी चार माणसं सहा दिवसांत तीन राष्ट्रीय उद्यानं बघायला निघाली होती.

दारापुढं कापडी छत ताणायचं तर खुंटी ठोकायला हवी. आईंनी मिस्त्रींच्या पिशवीत हात घातला. हाताला जड असं लागलं ते काढलं. ती मिस्त्रींची पाणसळ होती. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट, असं सांगणारं गवंड्याचं हत्यार. चांगलं हातभर लांब आणि लोखंडी. लोखंडाला काय होतंय, असं म्हणून आईंनी चार ठोके घातले, पाणसळ रुमालानं पुसली आणि होती तिथं ठेवून दिली.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी टेबलावर चहाचा कप ठेवला आणि तो सरकत सरकत सुनेच्या मांडीत गेला.

"गाडी वाकडी उभी केलीस," मिस्त्री मुलाला म्हणाले.

"बाबा, जंगल आहे. जंगल कोण सपाट करतंय?"

"चाळीस वर्षं घरं बांधली. एक भिंत रेषभर हलली नाही. आता म्हातारपणी वाकड्या घरात झोपू?"

मिस्त्रींनी पाणसळ काढली. एका चाकाखाली फळी गेली, मग दुसऱ्या चाकाखाली दोन. गाडी पुढं घे, मागं घे, बोटभर उचल. बुडबुडा मधोमध आला तेव्हा अंधार पडला होता. जवळचे गरम पाण्याचे झरे लोकांनी बघितले. यांच्या घरानं फळ्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी दूध नासलं. कॅम्परमधला फ्रिज गाडी सपाट असली तरच थंड होतो, हे मुलाला ठाऊक होतं. "बाबा, फ्रिज चालत नाही. गाडी अजून कुठंतरी कलतेय."

"फ्रिज बिघडलाय."

"तव्यावरचं तेलही एका बाजूला जातंय," सून हळूच म्हणाली.

"तव्याचं बूड गेलंय, सूनबाई. नवा घ्या."

"आणि दार आपोआप उघडतंय ते?"

"बिजागरी सैल आहे." मिस्त्रींनी पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा डोळ्यांत डोळे घालून मधोमध बसला होता. त्याच्यापुढं कोण बोलणार? त्यातून मिस्त्रींना रात्री झोपही अशी लागलेली, की घोरणं शेजारच्या तंबूपर्यंत गेलं होतं. "सपाट जागेची झोप ही अशी," ते म्हणाले.

दुसऱ्या उद्यानात मोठी दरी होती. तिथली पाटी त्यांनी बघितली.

झरे गेले, दरी गेली, जाऊ दे. आईंचा जीव तिसऱ्या उद्यानातल्या तळ्यावर होता. गुडघ्याच्या उपचारांसाठी तीन महिने दवाखान्यात खेटे घालताना समोरच्या कॅलेंडरवर ते तळं होतं. डोंगर उलटा होऊन पाण्यात उतरलेला. महिने बदलले तरी ते पान कुणी उलटलं नाही. गुडघा बरा झाला की चालत तिथं जायचं, तेही यांना घेऊन, असं आईंनी मनाशी धरलं होतं.

तिसऱ्या उद्यानात ते दुपारी तीनला पोचले. तळ्याच्या वाटेचं फाटक सहाला बंद होणार होतं. आई बुटांच्या नाड्या बांधून पायरीवर बसल्या.

"अर्ध्या तासात सपाट करतो, मग निघू," मिस्त्री म्हणाले.

अर्धा तास खरंच पुरला असता. पण शेजारच्या कॅम्परमधली, गवती टोपी घातलेली बाई बघत उभी राहिली. "काका, आमचीही बघता का जरा? रात्रभर झोप नाही हो." तिची झाली. तिनं पलीकडच्यांना सांगितलं. मिस्त्रींना इतका मान रिटायर झाल्यापासून मिळाला नव्हता. ते एकेक चाक करत रांगेच्या टोकापर्यंत गेले. अकरा गाड्या झाल्या तेव्हा साडेसहा वाजले होते.

आईंनी नाड्या सोडल्या. "अहो, उद्या दहाला आपण घरी निघतोय. फाटक सहाला उघडतं. मी पावणेसहाला तिथं असेन. गाडी उभी राहो की आडवी पडो."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मिस्त्री साडेपाचलाच दात घासून तयार झाले. पाणसळ मात्र काखेत होतीच.

तळ्याकाठी लाकडी सज्जा होता. समोर डोंगर, पाण्यात डोंगर. कॅलेंडरवर होतं तसंच, फक्त दवाखान्याचा वास नव्हता. आई तिथल्या बाकावर बसून बघत राहिल्या. मिस्त्रींनी सवयीनं सज्ज्याच्या कठड्यावर पाणसळ ठेवली.

"कठडा वाकडा केलाय," ते म्हणाले.

मग एक डोळा मिटून त्यांनी कठड्यावरून पलीकडं नजर लावली. कठड्याची रेघ आणि समोरच्या काठाची पाण्याची रेघ यांत तसूभर फरक नव्हता.

"मग तळं उतरतं आहे," मिस्त्री म्हणाले. म्हटल्यावर त्यांनाच ते कसंसं वाटलं. त्यांनी पाणसळ उचलली आणि टोकं अदलाबदल करून परत ठेवली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पाणसळ अशी फिरवून तपासायची, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येक पोराला शिकवलं होतं. स्वतः मात्र या प्रवासात एकदाही केलं नव्हतं. पाणसळ खरी असेल तर बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला राहतो. हिचा सरळ उलट बाजूला पळाला.

मिस्त्री बाकावर बसले. "नळी हलली आहे हिची. पण आपोआप कशी हलेल?"

"हातोडी सापडत नव्हती," आई पाण्याकडं बघत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. चारच ठोके मारले."

मिस्त्री ताडकन उठले. "अकरा गाड्या. लोक उठायच्या आत सगळ्या..."

आईंनी पाणसळ आपल्या मांडीवर घेतली. "बसा. आधी तळं."

ते बसले. पहिली पाच मिनिटं ते गाड्यांकडं तोंड करून बसले होते. नंतर वारा पूर्ण पडला, पाण्यातला डोंगर स्थिर झाला आणि मिस्त्रींची मान हळूहळू वळली. "बांधणी चांगली आहे," ते म्हणाले. आईंनी तेवढ्यावर समाधान मानलं.

परत येताच गवती टोपी वाटेत आडवी आली. "काका, बरं झालं भेटलात. रात्री आमचं एक चाक खचलं. पहाटे जी जाग आली ती आलीच. काल कशी सरळ होती, डोकं टेकलं की झोप. तशी करून द्या ना."

मिस्त्रींनी तिच्या गाडीत पाणसळ ठेवली, फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा दोन्ही वेळा मधोमधल्या खुणेपासून सारखाच लांब, पण उलट बाजूंना थांबला. "बाई," ते चाचरत म्हणाले, "ही आत्ता सरळ आहे."

"मग काल?"

मिस्त्रींनी आईंकडं बघितलं.

"काल जास्त सरळ होती," आई म्हणाल्या आणि त्यांनी फळी पुढं केली.

चाळीस वर्षांत ज्यांची एक भिंत रेषभर हलली नव्हती, ते मिस्त्री चाकापाशी गुडघ्यावर बसले.

"अजून बोटभर," आई म्हणाल्या. "डोक्याकडून."