काकूंच्या उजव्या हाताची जागा

फोटो काढणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे! हे वाक्य मी आमच्या माकणी गावात इतक्यांदा ऐकवलं, की मला लांबून बघून लोक रस्ता बदलायला लागले. पण मी तरी काय करणार? मोबाईलवर नवशिक्यांसाठीचा फोटोग्राफीचा फुकट क्लास मी पुरा केला होता. उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून यावा. माणसाच्या मागे काय आहे ते आधी बघावं. माणूस मधोमध न बसवता एका अंगाला बसवावा आणि दुसरीकडे जागा सोडावी. एवढं कळलं, की कुणीही माझ्यासारखा होईल!

तेवढ्यात शिवकांताकाकूंनी बोलावलं. सोमलिंगकाकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाला भिंतीवर लावायला दोघांचा एकत्र फोटो त्यांना हवा होता, आणि तसा फोटोच नव्हता. लग्नात फोटोवाला आला नाही. पुढे घरात फोटो निघायची वेळ आली, की काकू चहा टाकायला आत! काकांचे म्हणून जे फोटो आहेत, त्यांत ते एकटेच हसत बसलेत.

"सोमेश, माझा एक काढ," काकू म्हणाल्या. "ह्येंच्या शेजारी चिकटीवता येतंय म्हनं."

"काकू, तुम्ही निर्धास्त राहा."

मी त्यांना अंगणात बसवलं. माझ्या पाठीमागून उजेड घेतला, तर ऊन त्यांच्या डोळ्यांत! डोळे मिटले. फिरवून बसवलं, तर गोठ्यातल्या म्हशीची शिंगं थेट त्यांच्या डोक्यातून उगवली.

"काकू, मागं बघा. शिंगं येतायत."

"मला?"

"म्हशीची!"

"मग म्हशीला सांग की गा. लौकर आटप, चहा टाकायचाय."

शेवटी भिंतीच्या सावलीत जमलं. मी नियमाप्रमाणे काकूंना एका अंगाला घेतलं आणि फोटो दाखवला. त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं कोन न्हाय?"

"जागा सोडावी लागते काकू. नियम आहे."

काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "बरं झालं. हितंच बसीव ह्येंला."

मी तोच फोटो ठेवला, बाकीचे पुसून टाकले.

काकांचा हसरा फोटो आणि काकूंचा फोटो मी लोहाऱ्याच्या बंडप्पा फोटोवाल्याला पाठवून दिले. बंडप्पानं या दोघांना कधी पाहिलेलं नव्हतं. खाली मी लिहिलं, 'दोघांना शेजारी बसवा. उजवीकडच्यांना हार. गुलाबाचा, भरगच्च.' उजवीकडचे म्हणजे काकूंच्या उजव्या हाताचे, काका! फोटोत बाजू बसलेल्या माणसाची धरायची, हे मी स्वतःच ठरवलं होतं. क्लासमध्ये नव्हतं ते.

नमुना आला, तेव्हा मी भर उन्हात रानात उभा होतो. स्क्रीनवर मला माझंच तोंड दिसत होतं. तरीही अंगठा पाठवला, आणि तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, 'उद्या सर्वांनी यावे.' भराभर उत्तरं आली. भावपूर्ण श्रद्धांजली. फार वाईट झाले. जोडलेले हात तर मोजवेनात! वर्षानंतरही काकांवर लोकांचा इतका जीव आहे, म्हणून मी गहिवरलो.

दुसऱ्या दिवशी जळकोटहून काळीपिवळी जीप आली. बानूआत्या, म्हणजे काकांची बहीण, खाली उतरली आणि दारातच तिनं हंबरडा फोडला. काकू चहाचा ट्रे खाली ठेवून धावल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

"गेली गं, माझी वैनी गेली!" आत्या काकूंच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली.

काकूंचं रडणं अर्ध्यावर थांबलं. "कोन वैनी?"

"माझी शिवकांता गं!"

"म्या कुटं गेले?"

आत्यानं मान वर केली, काकूंना बघितलं आणि मटकन ओट्यावर बसली. "बया! तू हायस व्हय!"

"न्हाय तर! चा कोन टाकायचं मग?"

मग सगळे माझ्याकडे वळले. सकाळीच लोहाऱ्याहून आलेली फ्रेम भिंतीला टेकवली होती, तिचा कागद मी फाडला. बघणाऱ्याच्या उजवीकडे काकू बसल्या होत्या, गळ्यात गुलाबाचा भरगच्च हार. शेजारी काका मोकळ्या गळ्यानं हसत होते! लोक माना खाली घालून उभे राहिले. ज्या बाईनं आयुष्यात एकच फोटो मागितला, तिला मी जिवंतपणी हार घातला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, चुकलं माझं. आत्ता जातो लोहाऱ्याला, बदलून आणतो."

"थांब." काकू फ्रेमजवळ खाली बसल्या. पदरानं काच पुसली. "ह्येंच्या गळ्यात हार न्हाय."

"तेच तर चुकलं काकू."

"वरीसभर ह्येंचा हार घातल्याला फोटूच बघितला म्या. हितं बघ, आत्ता चा मागतील आसं बसल्यात."

"पण काकू, तुमच्या गळ्यात..."

त्या काचेवरच्या गुलाबांवरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्यो लग्नातला हाय म्हन. आसाच व्हता, गुलाबाचा. ह्येंनीच घातलाय."

बानूआत्या पुन्हा रडायला लागली, या वेळी हळू.

फ्रेम तशीच लागली. अजूनही कुणी नवा पाहुणा आला, की भिंतीकडे बघतो, फोटोतल्या काकूंना हात जोडतो, "माउली शांत होती हो," म्हणतो. मी खाली बघतो. आणि आतून काकू विचारतात, "चा किती जनांचा टाकू?"