एका वर्षात साठ फूट

"झाडं एकदम झकास हायत, मारुतीअण्णा!" महाबळेश्वर गोठ्याच्या कोपऱ्यात उभा राहून फोनवर ओरडून सांगत होता, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे म्हैस त्या झाडांपैकी शेवटचं झाड खात होती.

गोठ्याचा तो कोपरा म्हणजे फणसगाळीतली फोन लागणारी एकमेव जागा. बाकी गावभर फक्त जंगल लागायचं. नंदिगड्डे मागे टाकून दिग्गीच्या बाजूला वळलं की घरं विरळ होतात, झाडं दाट होतात आणि माणूस आभाळ शोधायला लागतो. अशा ठिकाणी झाडं लावण्याची कल्पना रामनगरच्या 'हिरवी सावली मंडळा'ला सुचली होती. रामनगरात झाडं लावायला जागा उरली नव्हती. जिथे होती तिथे दुकानं झाली होती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं दुकान मंडळाचे अध्यक्ष मारुतीअण्णा यांचं होतं. हार्डवेअरचं.

गेल्या पावसाळ्यात मंडळानं पिकअप भरून रोपं फणसगाळीत आणली. 'पर्यावरणासाठी आणि गावाच्या कल्याणासाठी' असं पिकअपवर लिहिलं होतं. महाबळेश्वर पंचायतीचा सदस्य, म्हणून रोपं त्याच्या अंगणात उतरली, त्याच्या हातात एक रोप देऊन फोटो निघाला आणि मंडळ पावसाच्या आत रामनगरला परतलं. लावायचं काम तेवढं महाबळेश्वरवर सोपवलं होतं.

त्याची लावायची इच्छा नव्हती असं कुणी म्हणू नये. आधी भातलावणी उरकू म्हणाला. मग चतुर्थी आली. मग भात कापायला झालं, मग उळवीची जत्रा. दर वेळी फोन आला की "झाडं कशी हायत?" आणि "झकास हायत" एवढंच बोलणं व्हायचं. पहिल्यांदा खोटं बोलताना त्याला घाम फुटला होता. पुढे पुढे सवय झाली. रोपं पिशव्यांतच वाळत गेली, पिशव्यांतली माती त्याच्या बायकोनं, फुलानं, मिरचीला घातली, आणि जे काही चिवट निघालं ते म्हशीनं वेळोवेळी संपवलं.

फोन ठेवून महाबळेश्वर स्वयंपाकघराच्या दारात आला. चेहरा उतरलेला.

"येनार हायत," तो म्हणाला.

"कोन?" फुला चुलीपुढून.

"मंडळ. रविवारी. झाडं बघायला."

"मग म्हशीला आंघोळ घाला. झाडं आता तिच्यातच हायत."

"चेष्टा सुचतीया तुला? सगळ्या तालुक्यात माझी अब्रू जाईल. पुढच्या निवडणुकीला कुणी दारात उभं करायचं न्हाई!"

"आता तरी खरं सांगून टाका की. म्हनावं, ऱ्हाऊन गेलं."

"वर्षभर झकास झकास म्हनून?"

महाबळेश्वर हताश होऊन अंगणात बसला. समोर फुलाची मिरची, तिच्या पलीकडे भाताचा एक तुकडा आणि तिथून पुढे नजर पोचेल तिथवर झाडंच झाडं. बघता बघता त्याच्या डोक्यात उजेड पडला. ज्या गावात मोकळी जागा दाखवायची पंचाईत, त्या गावात झाड दाखवायला अडचण ती कसली?

फुलाचं एक जुनं लाल लुगडं फाडून त्याच्या चिंध्या झाल्या. शेजारच्या नागूला हाताशी धरून महाबळेश्वर भाताच्या कडेनं जंगलात शिरला.

"आपोआप उगवलेली रोपटी बघ आनि एकेक चिंधी बांधत जा," तो म्हणाला. "गुडघ्याएवढं, लई तर कंबरेएवढं. एका वर्षाचं वाटाय पायजे."

नागू आज्ञाधारक माणूस. त्याला सांगितलेलं सगळं तो करायचा, शेवटचं वाक्य सोडून. संध्याकाळी त्याच्या हातात एक चिंधी उरली तेव्हा फुलावहिनीचं लुगडं वाया जायला नको, म्हणून त्यानं ती जवळच्या मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला बांधून टाकली. मत्ती साठ फूट उंच होती.

रविवारी मंडळ आलं. मारुतीअण्णा पांढऱ्या बुटांत, त्यांची बायको मंगलअक्का साध्या चपलांत, बाकीचे सदस्य मोबाईल हातात धरून. पावसानं उघडीप दिली होती, पण जळवांनी दिली नव्हती. त्यामुळे पाहणी भरभर झाली. लाल चिंधी दिसली की "वा!" म्हणायचं, फोटो काढायचा, पाय झटकायचे आणि पुढे जायचं. महाबळेश्वरच्या जिवात जीव येत होता. इतक्यात मारुतीअण्णा थांबले. त्यांनी आधी मत्तीच्या बुंध्याची चिंधी पाहिली, मग हळूहळू मान वर केली. टोपी पडेपर्यंत केली.

"हे बी... आपलंच?"

महाबळेश्वरनं नागूकडे पाहिलं. नागू अभिमानानं हसला.

"व्हय अण्णा," महाबळेश्वर म्हणाला. "इथली माती जरा... चांगली हाय."

"एका वर्षात?"

"पाऊस बी लई हुता."

सगळ्यांनी माना वर करून शेंडा शोधला. मग मारुतीअण्णांनी बुंध्याला मिठी मारली. हात निम्म्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. "बघा, बघा!" ते सदस्यांना म्हणाले. "ह्याला म्हनायचं प्रेमानं वाढवनं! बेळगावात लोक दहा-दहा वर्षं झाडं जपतात, छातीएवढी हुत न्हाईत. ते का? मनापासून लावत न्हाईत म्हनून!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. या माणसांनी तालुक्यात जन्म काढला होता. पण स्वतःच्या मंडळानं दिलेलं झाड स्वतःच्या डोळ्यांनी साठ फूट वाढलेलं दिसत असताना त्यावर शंका घेण्याइतकं कोतं मन कुणाचंच नव्हतं. मंगलअक्का तेवढी खाली वाकली होती. ती पायाची जळू काढत होती.

थाप इथंच पचली असती. पण मारुतीअण्णांना जाता जाता आणखी एक कल्पना सुचली. इतक्या गुणी झाडांना नुसत्या चिंध्या शोभत नाहीत. प्रत्येक सदस्यानं आपल्या दिवंगत आईबापाच्या नावाची पाटी एकेका झाडाला लावावी, गावात समारंभ करावा आणि महाबळेश्वरचा सत्कार करावा. पाट्या आणि खिळे त्यांच्या दुकानातले. मत्तीचं झाड त्यांनी तिथल्या तिथे आपल्या वडलांसाठी राखून ठेवलं. बाकीच्या सदस्यांनी आपापल्या चिंधीची रोपटी पुन्हा न्याहाळली. "माझ्या बाबांना काय गुडघ्याएवढं व्हय?" असं एक जण पुटपुटलाच. मग आईबापांच्या मानाचा प्रश्न आला, आणि समारंभाच्या सकाळी सगळ्याच पाट्या आसपासच्या दांडग्या झाडांवर ठोकायच्या ठरल्या. एवढ्या चांगल्या मातीत मधल्या दोन आठवड्यांत झाडं वाढणारच, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

समारंभाला भाताच्या कडेला मांडव घातला होता. ध्वनिक्षेपक आला होता. जंगलात ठकठक सुरू झाली. जंगलात ठकठक ऐकू आली की जो माणूस ताटावरून उठतो तो म्हणजे फॉरेस्ट गार्ड गोपाळ. तो मोटारसायकलवरून आला, गाडी लावली आणि ओळीनं पाट्या ठोकलेली झाडं बघत बघत मांडवापर्यंत चालत आला.

"काय चाललंय हे, महाराज?"

"वृक्षारोपणाचा वर्धापनदिन!" मारुतीअण्णा आनंदानं म्हणाले. "ही सगळी झाडं आम्ही लावलीत."

"कुनी लावली?"

सगळ्या मंडळानं एका वेळी महाबळेश्वरकडे बोट दाखवलं. वर टाळ्याही वाजवल्या.

गोपाळ महाबळेश्वरजवळ आला. "हे राखीव जंगल हाय, ठाव हाय न्हवं? सरकारी जंगलात परवानगीबिगर झाडं लावायची, त्याला पाट्या मारायच्या, म्हंजे जागा धरायची. अतिक्रमन! झाडं तुम्ही लावली असतील तर माझ्यासंगं चला."

महाबळेश्वरच्या गळ्यात अजून सत्काराचा हार होता. एका बाजूला गार्ड, दुसऱ्या बाजूला ध्वनिक्षेपक. लावली म्हणावं तर खटला, नाही म्हणावं तर अब्रू. त्यानं फुलाकडे पाहिलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. "बोला आता," असं तिनं नुसत्या भुवईनं सांगितलं. त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या सगळ्या कोर्टाच्या तारखा उभ्या राहिल्या. त्यानं माईक घेतला.

"मी... मी ह्यातलं एक बी झाड लावलेलं न्हाई," तो म्हणाला. "देवाशपथ. मी कायसुदिक केलं न्हाई. ही सगळी आपली आपन आलीत. मी नुसता बघत बसलो."

महाबळेश्वरनं डोळे मिटून घेतले. आता चपला येतील, असं त्याला वाटलं.

चपला आल्या नाहीत. आधी एक टाळी आली, मग दोन, मग सगळा मांडव कडाडला. मारुतीअण्णा डोळे पुसत व्यासपीठावर चढले आणि त्यांनी माईक ओढून घेतला.

"ऐकलंसा? 'मी कायसुदिक केलं न्हाई!' अवो, एक रोप लावून पेपरात फोटो देनारी मानसं बघितलीत आम्ही!" त्यांच्या अंगावर त्या वेळी तीन मोबाईल रोखलेले होते. "आनि हा मानूस एवढं जंगल उभं करून म्हनतोय, आपली आपन आलीत! ह्याला म्हनतात निरहंकार!"

"न्हाई अण्णा, खरंच मी—"

"बघा, अजून न्हाईच म्हनतोय!"

पुन्हा टाळ्या. महाबळेश्वरनं आणखी दोनदा गुन्हा कबूल करायचा प्रयत्न केला. दर वेळी त्याची थोरवी वाढत गेली, तेव्हा तो गप्प बसला.

गोपाळनं मात्र त्याचा शब्द न् शब्द खरा मानला. ही झाडं त्याच्या बापाच्या वयाची होती. "लावली न्हाईत न्हवं? मग अतिक्रमन न्हाई," तो म्हणाला. "पन जित्या झाडाला खिळे ठोकलेत ते मला दिसतंय. सगळे काढा. पाट्या लावायच्याच असतील तर सुतळीनं बांधा, तीबी आजच्या दिवस. उद्या मी यायच्या आत खाली उतरवा."

तोवर जेवणाची वेळ झाली होती. फणसाच्या भाजीचा वास सुटला होता. मंडळातले सगळे पर्यावरणप्रेमी पानांवर बसले, आणि खिळे उपटायला हार घातलेला महाबळेश्वर एकटा उरला. पकडीनं खिळा ओढायचा, पाटी ढिगात टाकायची, की पुढचं झाड. शेवटचा खिळा निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कुणाचा बाप कुठल्या झाडावर होता ते आता काही केल्या आठवत नाही. तो कपाळाला हात लावून बसला.

मागून पावलं वाजली. मंगलअक्का सुतळीचा गुंडा घेऊन आली होती.

"आमच्या मामंजींची पाटी द्या इकडं."

"अक्का, ह्या सगळ्या मत्तींत त्यांची नेमकी कंची ते... एकदा अण्णांना इचारतो."

"त्यांना काय इचारताय? त्यांना आंबा आनि लिंबातला फरक कळत न्हाई. बांधा त्या मत्तीला. मोठ्यातल्या मोठ्या."

महाबळेश्वरनं मान खाली घातली. "अक्का, तुम्हाला... कळलं हुतं?"

"एका वर्षात एवढं वाढलेलं मी एकच बघितलंय. आमच्या ह्यांचं पोट." मंगलअक्कानं पदरानं पाटी पुसली. "आमचे मामंजी लाकडाचे ठेकेदार. ह्याच रानातनं ट्रकच्या ट्रक भरून न्यायचे. जिवंतपनी त्यांनी उभं ठेवलंय असं एक झाड मला ठाव न्हाई."

महाबळेश्वरनं मत्तीच्या बुंध्याभोवती सुतळी फिरवली. एक फेर घ्यायलाच बराच वेळ लागला.

"गाठ आवळू?"

"नको," मंगलअक्का म्हणाली. "सैलच बांधा. सांजच्याला सोडायला सोपं जाईल. एवढ्या जवळ असला मानूस रात्रभर बांधून ठेवला, तर झाड भिईल बिचारं."