हलवायचं कुणाला?

हिशेबात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही! म्हणून बदलीचं विचारलं गेलं, तेव्हा मी बायकोला ठणकावलं, "दोन्ही शहरांचे भाव काढतो. जिथे स्वस्त, तिथे आपण!"

"आणि इथली माणसं?"

"त्यांचा काय संबंध?"

ती पिशवी उचलून तडक भाजीला गेली. तिला इथून जायचं नव्हतं, आणि मला उद्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं.

मी बदलीच्या शहरात इस्पितळात कारकून असलेल्या मेहुण्याला फोन लावला.

"काय रे, तिकडे खोलीचं महिन्याला काय पडतं?"

"महिनाभर खोली? का हो भाऊजी?"

"इथला खर्च झेपत नाही. तिकडेच हलवायचं म्हणतोय."

"हलवायचं? अरे देवा! इतकं झालं आणि आम्हाला आत्ता सांगता?"

"अरे, कालच तर कळलं!"

फोन कट! आकडेमोडीने माझं डोकं भणभणत होतं, म्हणून कपाळावर ओला रुमाल ठेवून जरा आडवा झालो. तिकडे मेहुण्याने आमच्या तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना कळवलं, की वर कुणीतरी सिरियस आहे!

दार धाडकन उघडलं. शिंपीकाका, इस्त्रीवाला, शेजारच्या शिक्षिकाबाई, सगळे आत! कपाळावरचा रुमाल बघून काका म्हणाले, "आधी यांना हॉस्पिटलात हलवा!"

"अहो, हलवायचं म्हणजे..." मी उठू लागलो.

"बोलू नका, दम लागेल!" बाई शिकवणीच्या आवाजात ओरडल्या.

मला खुर्चीत बसवलं. पडू नये म्हणून शिंपीकाकांनी गळ्यातल्या टेपने बांधलं. तीन मजले उतरेपर्यंत इस्त्रीवाल्याच्या घामाने माझा सदरा भिजला. काका लग्नाचं शिवण टाकून आले होते, बाई शिकवणी सोडून. खाली टॅक्सीसुद्धा उभी! इतका जीव लावणारी माणसं मी तिकडे कुठून आणणार होतो?

तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. "अहो! काय झालं?"

"काही नाही! बदली नको! आपण इथेच राहायचं!" मी बांधलेल्या अवस्थेत ओरडलो. तिने पिशवी तिथेच ठेवली आणि चारचौघांत माझा हात धरला.

सगळा उलगडा झाल्यावर मी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"तब्येत ठणठणीत आहे ना?" शिंपीकाका टेप सोडत म्हणाले. "मग ती खुर्ची तेवढी वर न्या!"